मानेला खोल जखम झाली की तपास कसा चालतो

नाशिकमध्ये जानेवारी उजाडला की कॅज्युअल्टीत एका ठरावीक जखमेची तयारी ठेवावी लागते. संक्रांतीच्या आगेमागे दुचाकीवरचा माणूस येतो, मानेवर रुमाल नाहीतर ओढणी गच्च दाबून धरलेली, आणि त्याखाली गळ्याच्या पुढून आडवी गेलेली बारीक चीर. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो, उडवला जातो आणि उड्डाणपुलावर, चौकात, दोन खांबांच्या मध्ये नेमका गळ्याच्या उंचीला लोंबत राहतो. बाकीच्या महिन्यांत कारणं बदलतात. कोयत्याचा किंवा चाकूचा वार, अंबड-सातपूरच्या कारखान्यात ग्राइंडरचं चाक फुटून उडालेला तुकडा, द्राक्षबागेत ट्रॅक्टरवरून जाताना गळ्याला लागलेली मांडवाची तार, आणि निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे दात.

शस्त्र कुठलंही असो, तपासाची वाट एकच आहे. ती इथं तपशिलानं मांडतो, कारण मानेच्या जखमेत पुढं जे बिघडतं त्यातलं बरंचसं क्रम चुकल्यानं बिघडतं. ज्याला थेट ऑपरेशनला न्यायचं तो सीटीच्या टेबलावर पडून राहतो, आणि ज्याला सीटी हवा त्याला चार टाके घालून घरी पाठवलं जातं.

पहिला प्रश्न जखम किती लांब आहे हा नाही, किती आत गेली आहे हा आहे. मानेच्या कातडीखाली प्लॅटिझ्मा नावाचा एक पातळ, पसरट स्नायू असतो. तो फाटला असेल तर जखम ‘भेदक’ धरायची आणि रुग्णाला भरती करायचं, मग तो कितीही ठणठणीत बसलेला असो. स्नायू शाबूत असेल तर जखम धुऊन, टाके घालून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी सोडता येतं. हे पाहायचं कसं? भरपूर उजेड घ्यायचा, कातडीच्या कडा दोन बोटांनी अलगद बाजूला करायच्या आणि डोळ्यांनी बघायचं. आत बोट घालायचं नाही, चिमटा (आर्टरी फोर्सेप्स) घालायचा नाही, सळई तर मुळीच नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या किंवा ते परत आणणाऱ्या जुग्युलर शिरेच्या भोकावर रक्ताची एक गुठळी बसलेली असते आणि रुग्ण त्या गुठळीच्या भरवशावर जिवंत असतो. ती कॅज्युअल्टीत निघाली तर हाताशी ना ऑपरेशनचा दिवा असतो ना रक्तवाहिनीचा चिमटा. जखम तपासायची जागा ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, आहे. आत रुतलेली वस्तू, मग तो चाकू असो की काचेचा तुकडा, तिथंच उपटायची. कॅज्युअल्टीत ती हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी गॉजच्या वळकट्या लावून पट्टीनं बसवायची.

एक गोष्ट नवीन डॉक्टरांच्या ध्यानात राहत नाही. गळ्याच्या अगदी मध्यरेषेवर, स्वरयंत्राच्या समोर, प्लॅटिझ्मा बहुधा नसतोच. तिथं ‘स्नायू फाटलेला दिसत नाही’ म्हणून निश्चिंत व्हायला जागा नाही. आणि मांजाची चीर बहुतेक वेळा तिथंच पडते.

ही चीर जवळून बघण्यासारखी असते. कडा ब्लेडनं कापल्यासारख्या सरळ, रक्त फारसं नाही, मान खाली घातली की जखम मिटते आणि वरवरची वाटते. मान जराशी मागे केली की ती उघडते आणि आतले पातळ उभे स्नायू तुटून वर-खाली सरकलेले दिसतात. कातडी, स्नायू आणि स्वरयंत्र गिळताना, मान वळवताना एकमेकांवर सरकतात. गाडी चालवताना मान ज्या स्थितीत होती त्या स्थितीत हे तिन्ही छेद एका ओळीत होते. खाटेवर ते एका ओळीत नाहीत. म्हणून कातडीच्या चिरेतून सरळ आत पाहिलं तर स्वरयंत्र साबूत दिसू शकतं आणि भोक त्याच्या बोटभर वर किंवा खाली असू शकतं. मांजाचा तुकडा आत राहिला आहे का तेही विचारायचं. नायलॉनचा धागा एक्स-रेवर दिसत नाही. आणि रुग्णाचे हात उघडून बघायचे. मांजा गळ्याला लागला की माणूस प्रतिक्षिप्तपणे तो पकडून ओढतो, त्यात बोटांचे स्नायूबंध कापले जातात. गळ्याच्या धावपळीत ती बोटं दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतात, तोवर कापलेली टोकं आखडून मागे गेलेली असतात.

आता तपासाचा खरा आरंभ, तो रुग्णाच्या तोंडून. “दादा, नाव काय तुमचं? कुठून आलात?” एवढं विचारून गप्प राहायचं आणि ऐकायचं. स्पष्ट, नेहमीच्या आवाजात पूर्ण वाक्य आलं तर श्वासमार्ग या क्षणी मोकळा आहे, मेंदूला रक्त पोचतंय, आणि आपल्याकडे विचार करायला थोडा वेळ आहे. आवाज घोगरा आला तर स्वरयंत्राला किंवा त्याच्या मज्जातंतूला धक्का. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा असेल तर घशात रक्त साठतंय. श्वास आत घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज आला तर वाट अरुंद झाली आहे आणि आता वेळ नाही. नेहमीचा आवाज असाच आहे का, हे सोबतच्या नातेवाइकाला विचारायचं. आपल्याला तो माहीत नसतो. मग “थुंकी गिळून बघा, दुखतंय का?” आणि “या पांढऱ्या गॉजवर थुंका.” थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर घसा, श्वासनलिका किंवा अन्ननलिका यांपैकी काहीतरी उघडलं आहे. बसून राहायचं म्हणणाऱ्या रुग्णाला जबरदस्तीनं आडवं करायचं नाही. तो पुढे वाकून बसला आहे तो आपली वाट आपणच मोकळी ठेवण्यासाठी. आडवा केला की रक्त घशात उतरतं आणि दोन मिनिटांत तो गुदमरतो.

काही चिन्हं दिसली की सीटीचा विचार सोडून रुग्णाला थेट ओटीत न्यायचं. उसळून येणारं किंवा न थांबणारं रक्त, वाढत जाणारी किंवा ठोके देणारी सूज, स्टेथोस्कोपला सूं-सूं आवाज किंवा सुजेवर हात ठेवल्यावर जाणवणारी थरथर, रक्त देऊनही न वर येणारा रक्तदाब, जखमेतून बुडबुडे, शीळ घालणारा श्वास, तोंडावाटे भळाभळा रक्त, त्या बाजूच्या हाताची नाडी नाहीशी होणं, अर्ध्या अंगाची ताकद अचानक जाणं. सूज वाढते आहे का हे आठवणीवर सोडायचं नसतं. मार्करनं कडेनं रेघ मारायची, बाजूला वेळ लिहायची. दहा मिनिटांनी सूज रेघेबाहेर गेली की वाद संपतो.

श्वासाची नळी घालायची की नाही, या निर्णयात उशीर हा सगळ्यात महाग पडतो. सूज वाढत असेल, आवाज बदलत असेल तर ‘थोडं बघू’ म्हणू नये, कारण अर्ध्या तासानंतर तीच नळी दुप्पट अवघड असते. त्या क्षणी इमारतीत असलेला सर्वांत सरावाचा हात बोलवायचा. ७, ६.५ आणि ६ नंबरच्या नळ्या, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी), दोन सक्शन, आणि गळ्यातून वाट काढायचं सामान उघडून ट्रेवर. औषध देण्याआधी क्रिकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या पुढचा, जिथून गळ्यातून वाट काढतात तो) बोटानं चाचपून पेननं खूण करून ठेवायची; सूज आल्यावर तो सापडत नाही. केटामिन १ ते २ मिलीग्रॅम प्रतिकिलो चालतं, रक्तदाब कमी असेल तर खालची मात्रा. मास्क लावून पिशवी जोरात दाबायची नाही, कारण श्वासनलिकेला भोक असेल तर ती सगळी हवा मानेच्या उतींमध्ये शिरते आणि जे काही दिसत होतं तेही सुजून झाकलं जातं. श्वासनलिका जखमेतूनच उघडी दिसत असेल तर तोंडावाटे झटापट करण्यापेक्षा त्याच भोकातून नळी खाली सरकवणं सोपं आणि सुरक्षित. श्वासनलिका पूर्ण तुटलेली असेल तर तिचं खालचं टोक आधी चिमट्यात पकडायचं. ते सुटलं तर छातीत ओढलं जातं.

रक्तस्रावाला बोट, गुंडाळी नाही. मानेभोवती फेऱ्यावर फेरे मारलेली क्रेप बँडेज घेऊन येणारे रुग्ण आम्हाला नेहमी दिसतात. तिच्याखाली सूज वाढते, कुणाला दिसत नाही, आणि दुसऱ्या बाजूची शीर विनाकारण दाबली जाते. ग्लोव्ह घातलेल्या दोन बोटांखाली गॉज, नेमक्या जागी, आणि ती बोटं ओटीपर्यंत तिथंच. बोटानं थांबत नसेल, विशेषतः जबड्याच्या कोनामागे किंवा हंसळीच्या हाडामागे, तर १८ किंवा २० नंबरचा फोली कॅथेटर जखमेच्या वाटेनं जितका सहज जाईल तितका आत सरकवायचा. फुग्यात ५ मिलीपासून सुरुवात करत रक्त थांबेपर्यंत निर्जंतुक पाणी भरायचं, बहुधा १० ते १५ मिलीत काम होतं. मधली नळी चिमट्यानं बंद आणि भोवती दोन टाके, म्हणजे फुगा बाहेर येत नाही. लघवीची नळी मानेत घालताना पाहून नातेवाईक चमकतात. त्यांना दोन वाक्यांत सांगावं, कारण पुढच्या तासाभरात त्यांच्याकडूनच सही, रक्ताची सोय आणि धीर हवा असतो.

मानेतली मोठी शीर उघडी असेल तर श्वास आत घेताना ती हवा ओढते, आणि ती हवा थेट हृदयात जाते. म्हणून शिरेचं रक्त ‘फक्त शिरेचं’ म्हणून हलकं घ्यायचं नाही. जखम ओल्या गॉजनं बंद आणि श्वासाला अडचण नसेल तर डोकं खाली.

सलाईनची सुई जखमेच्या उलट्या बाजूच्या हातात, १८ गेजची, कोपराच्या घडीत. हंसळीजवळ वार असेल आणि त्याच बाजूला लाइन लावली तर औषध आणि रक्त छातीत सांडू शकतं. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतायच्या नाहीत. डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव हाती येईपर्यंत वरचा रक्तदाब ८० ते ९० पुरे; त्यापुढे नेला की गुठळी निसटते. लागलं तर रक्तच द्यायचं. जखम होऊन ३ तासांच्या आत असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत. रायलची नळी (नाकातून पोटात जाणारी) जागेपणी घालायची नाही. उबळ आली की मानेतला दाब वाढतो आणि तीच गुठळी पुन्हा धोक्यात.

मानेचा पट्टा हा नेहमीचा वादाचा विषय. चाकूच्या वारात, हातापायांची ताकद व्यवस्थित असेल, तर कडक कॉलर लावण्यानं तोटाच होतो. सूज झाकली जाते, नळी घालणं अवघड होतं. मात्र बिबट्याच्या हल्ल्यात आणि दुचाकीवरून आपटलेल्या माणसात मणक्याचा धोका खरा असतो. तिथं मान स्थिर ठेवायची, कॉलरचा पुढचा भाग काढून जखम बघायची आणि परत लावायची.

वरची कुठलीच गंभीर चिन्हं नाहीत, पण प्लॅटिझ्मा फाटला आहे, असे रुग्ण संख्येनं जास्त. यांच्याबाबतीत एकेकाळी एकच नियम होता: उघडून बघा. १९५६ मध्ये डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातल्या फोगेलमन आणि स्ट्यूअर्ट यांनी १०० रुग्णांचा आढावा मांडला. लवकर उघडलेल्यांत मृत्युदर ६ टक्के, उशिरा किंवा न उघडलेल्यांत ३५. तेव्हापासून सरसकट शस्त्रक्रिया सुरू झाली आणि हळूहळू दिसू लागलं की कितीतरी माना उघडल्यावर आत काहीच सापडत नाही. मग मानेचे तीन भाग पाडून ठरवण्याची पद्धत रुजली: हंसळीपासून क्रिकॉइड कूर्चेपर्यंत (स्वरयंत्राच्या खालची कडी) पहिला, तिथून जबड्याच्या कोनापर्यंत दुसरा, त्यावर कवटीच्या तळापर्यंत तिसरा. मधला भाग सरसकट उघडायचा, वरच्या-खालच्या भागांची आधी अँजिओग्राफी, म्हणजे औषध सोडून रक्तवाहिन्यांचं चित्र. आज सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत होते, त्यामुळे भागावरून नाही, चिन्हांवरून ठरवतो. कातडीवरचं भोक दुसऱ्या भागात आणि चाकूचं टोक पहिल्या भागात, हे रोजचं आहे. वरून खाली मारलेला वार फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. म्हणून भाग कोणताही लिहिलेला असो, छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी होतेच. तरीही भाग नोंदवायचा, कारण सर्जनला तयारी त्यावरून करायची असते. पहिल्या भागासाठी छाती उघडावी लागू शकते, तिसऱ्या भागात हात पोचत नाही आणि धमनीतून तार घालून इलाज करणारा रेडिओलॉजिस्ट लागतो.

सीटीचा कागद नीट भरला तर अर्धा तपास तिथंच सोपा होतो. ‘नेक इंज्युरी, सीटी अँजिओ’ एवढं लिहिलेला कागद बघणाऱ्याला काहीच सांगत नाही. कशानं, कुठल्या बाजूनं, कुठल्या दिशेनं, पातं साधारण किती लांब, आवाज कसा, थुंकीत रक्त आहे का, हे लिहायचं. जखमेच्या तोंडाशी एक्स-रेवर दिसेल अशी छोटी खूण चिकटवायची, म्हणजे आत गेलेली वाट आखता येते. स्कॅन महाधमनीच्या कमानीपासून मेंदूच्या तळापर्यंत, १ मिलीमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा. ३५० ताकदीचं आयोडीनयुक्त औषध ६० ते ८० मिली, सेकंदाला ४ ते ५ मिली वेगानं, मागोमाग ३० ते ४० मिली सलाईन. क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट बघत रुग्णाला दाराशी ठेवायचं नाही.

बिघडतं ते बहुधा याच टप्प्यावर. औषध जखमेच्याच बाजूच्या हातातून दिलं की हंसळीमागच्या शिरेत ते इतकं दाट साठतं की शेजारची धमनी त्या चकाकीत हरवते, आणि नेमकी तीच बघायची असते. खांदे वर राहिले तर मानेचा खालचा भाग धूसर येतो. हात खाली ओढून घ्यायचे. दातांतली चांदी जबड्याच्या कोनाजवळ पट्टे पाडते. रुग्णानं मधेच गिळलं की स्वरयंत्र दोनदा दिसतं. ग्राइंडरच्या तुकड्याभोवती तर अंधारच असतो. तो तुकडा लोखंडाचा असू शकतो हे लक्षात ठेवून रुग्णाला एमआरआयच्या खोलीकडे पाठवायचं नाही.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं? धमनीतून बाहेर सांडणारं औषध, भिंतीला आलेला फुगवटा, आतल्या थराची उलटलेली झडप, बंद पडलेली वाहिनी, धमनी आणि शीर यांची जोडणी. व्हर्टिब्रल धमनी मणक्यांच्या हाडी भोकांतून वर जाते, ती हाडाच्या खिडकीतून (सीटीची हाड स्पष्ट दाखवणारी मांडणी) वेगळी बघावी लागते. आणि हवेचे ठिपके. कातडीखालची हवा जखमेतूनही आलेली असू शकते, पण मणक्यांच्या पुढे, अन्ननलिकेला चिकटून दिसणारी हवा सोडून द्यायची नाही.

इथं थांबून अन्ननलिकेबद्दल सांगायलाच हवं, कारण मानेच्या जखमेत सुटून जाणारी गोष्ट हीच. धमनी फुटली तर ती ओरडून सांगते. अन्ननलिका गप्प असते. पहिल्या काही तासांत थोडं गिळताना दुखतं, थुंकीत एखादी रेघ, कातडीखाली चुरचुर, आणि बरेचदा यातलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ताप चढतो, नाडी वाढते, मानेची सूज तांबूस होते, आणि तोवर लाळ आणि जंतू छातीच्या मधल्या पोकळीत उतरलेले असतात. पहिल्या २४ तासांत शिवलेली अन्ननलिका आणि त्यानंतर शिवायला घेतलेली अन्ननलिका यांच्या निकालात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उशीर झाला की शिवण टिकत नाही, लाळ-पू बाहेर यायला नुसती वाट काढून द्यावी लागते.

सीटी अँजिओग्राफी वाहिन्यांसाठी फार भरवशाची, अन्ननलिकेसाठी तितकी नाही. तिचा उपयोग मुख्यतः वाट आखण्यासाठी. वार अन्ननलिकेपासून स्पष्ट दूर गेलेला असेल आणि लक्षणं नसतील तर पुढं जाता येतं. वाट जवळून गेली असेल, हवा असेल, गिळताना दुखत असेल, तर पुढच्या दोन तपासण्या होईपर्यंत तोंडावाटे पाण्याचा थेंबही नाही. एक, औषध गिळवून एक्स-रे. आधी पाण्यात विरघळणारं औषध, त्यात गळती दिसली नाही तर पातळ बेरियम, कारण बारीक भोक बेरियमच दाखवतं. ठसका लागणाऱ्या किंवा श्वासनलिकेला जखम असलेल्या रुग्णाला गॅस्ट्रोग्राफिन देऊ नये. ते फुप्फुसात गेलं तर फुप्फुसं पाण्यानं भरतात. तिथं सीटीत वापरतो ते आयोहेक्सॉलसारखं सौम्य औषध द्यायचं. दोन, दुर्बीण. अन्ननलिकेच्या अगदी वरच्या तोंडाशी, क्रिकोफॅरिंजियस स्नायूच्या घडीत, लवचिक दुर्बीण झटकन पुढे सरकते आणि भोक घडीत लपून राहतं. ती बाहेर काढताना सावकाश, हवा सोडत बघायची. त्या भागाला अनेक ईएनटी (कान-नाक-घसा) सर्जन ताठ दुर्बीण पसंत करतात. दोन्हींपैकी एकच केली तर काही जखमा निसटतात, दोन्ही मिळून क्वचितच. नळी घातलेल्या, बेशुद्ध रुग्णाला गिळता येत नाही, तिथं दुर्बिणीवरच भर. मान उघडलीच असेल तर जखम सलाईननं भरून, अन्ननलिकेत वरून हळूच हवा सोडून बुडबुडे बघायचे.

स्वरयंत्रासाठी नाकातून बारीक दुर्बीण. खाटेवर, बसल्या बसल्या होते: स्वरतंतू दोन्ही हलतात का, कुठं रक्त साकळलं आहे का, कूर्चा उघडी आहे का. आधीच श्वासाची नळी असेल तर ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेची दुर्बीण) घालून नळी थोडी वर ओढत बघायचं. भोक नेमकं नळीच्या फुग्याखाली झाकलेलं असू शकतं. ही ओढाताण ओटीतच करायची.

मज्जातंतूंची तपासणी दोन मिनिटांची, पण ती भूल देण्याआधीची दोन मिनिटं. दात दाखवा (ओठाचा कोपरा), जीभ बाहेर काढा (ती जखमेच्या बाजूला वळते), खांदे उचला, दोन्ही हातांच्या मुठी वळा, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का. पापणी उतरलेली आणि बाहुली बारीक असेल तर कॅरोटिडच्या अंगालगतचा तंतू दुखावला आहे, म्हणजे कॅरोटिड पुन्हा बघायची. हे कागदावर नसेल तर ऑपरेशननंतर सापडलेला लुळेपणा वाराचा की शस्त्रक्रियेचा, हे कधीच कळत नाही.

बिबट्याच्या जखमेला वेगळं वाचावं लागतं. तो मानेलाच धरतो, आणि खाली वाकून काम करणारी बाई किंवा अंगणात खेळणारं पोर त्याच्या तावडीत सापडतं. कातडीवर चार-सहा लहान भोकं, दोन-दोनच्या जोड्यांत. सुळा मात्र मणक्यापर्यंत जाऊन आलेला. पकडून झटकल्यानं मणका मोडू शकतो, व्हर्टिब्रल धमनी फाटू शकते. त्यामुळे भोक लहान दिसलं तरी सीटी अँजिओग्राफी, मणक्याच्या खिडकीसह. रेबीजचा विचार पहिल्या तासातच. कातडीवरच्या जखमा साबण आणि पाण्यानं १५ मिनिटं, खोल भोकांत पिचकारी आंधळेपणानं मारायची नाही, ती ओटीत. लस त्याच दिवशी सुरू, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, माणसाच्या रक्तापासूनचं २० युनिट प्रतिकिलो किंवा घोड्याचं ४०. मानेत ते रक्तवाहिन्या कुठं आहेत हे कळल्यावर, सर्जनच्या हातानं. अशा भोकांना घट्ट टाके नकोत, आत पू कोंडतो.

जिल्ह्याचा पसारा मोठा आहे, आणि निदानाचा एक भाग रस्त्यावर घडतो. येवल्यात नीट बोलणारा रुग्ण निफाड ओलांडेपर्यंत घोगरा होऊ शकतो. सुरगाणा-पेठच्या घाटातून येणाऱ्याला तर मधे थांबायला जागा नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी तीनच गोष्टी वेळेसह लिहून दिल्या तरी आमचा मोठा वेळ वाचतो: निघताना आवाज कसा होता, सुजेची रेघ कुठं होती, रक्तदाब किती होता. सूज वाढतीच असेल तर श्वासाची नळी घालूनच रुग्ण गाडीत चढवावा. १०८ च्या डॉक्टरांनी निघतानाच फोन केला तर इथं ओटी, रक्तपेढी आणि ईएनटीचा हात एकाच वेळी जागे होतात.

वार, मांजा, कारखाना, सगळंच एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस. पण पोलीस येईपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत. तातडीचे उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. कपडे कापताना शर्टाच्या कॉलरवरच्या फाटलेल्या जागेतून कात्री नेऊ नये. मांजाचा तुकडा निघाला तर कोरड्या पाकिटात, नाव आणि वेळ घालून सीलबंद. स्वतःच्या हातानं गळा कापून घेतलेल्या माणसाच्या बाबतीत, जखम शिवून झाली म्हणजे काम झालं असं धरू नका. शुद्धीवर आल्यापासून कुणीतरी त्याच्याजवळ असलं पाहिजे आणि मानसोपचारतज्ज्ञ त्याच भरतीत आले पाहिजेत.

सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या तरी २४ तास निरीक्षण. पहिले सहा तास दर तासाला सिस्टरनं पाच गोष्टी लिहायच्या: आवाज, सुजेची रेघ, हातापायांची ताकद, ताप आणि नाडी. गिळताना दुखणं वाढलं, ताप आला किंवा नाडी कारणाशिवाय चढली, तर कालचा स्वच्छ रिपोर्ट बाजूला ठेवून अन्ननलिका पुन्हा तपासायची. धमनीच्या आतल्या थराला लहानशी चीर सापडलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारं औषध सर्जनशी बोलून सुरू होतं, आणि ७ ते १० दिवसांनी सीटी अँजिओग्राफी पुन्हा करायची असते. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहायची आणि घरच्यांना समोर बसवून सांगायची: “बोलताना जीभ जड झाली, हात लुळा पडला, नजर गेली किंवा मानेला ठोके देणारी गाठ लागली, तर तारखेची वाट बघू नका. तासाभरात इथं या.”